शाळा सुटल्यानंतर

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, घरसंसारात रमलेली बाई. सभेत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. चिटणीसबाईंनी आग्रहच धरला, कागदावर लिहून आणायला सांगितले, आणि धाकट्या मुलीने माझे शुद्धलेखन नीट करून दिले. विषय मात्र मी माझा निवडला. तो हळदीकुंकवाच्या दिवशी बोलावा असा नाही. पण आपण साऱ्या एकत्र केव्हा जमतो, तर आजच.

दर जूनमध्ये आपले मंडळ दहावी-बारावी पास झालेल्या मुलांना वह्या आणि गुलाबाचे फूल देते. चांगलेच आहे ते. पण आपल्या शीव कोळीवाड्यात अशीही मुले आहेत, की त्यांचा निकाल कधी लागत नाही, आणि शाळा मात्र एके दिवशी सुटते ती कायमची. माझा थोरला त्यातलाच. तो बुद्धीने मागे आहे. तो लहान होता तेव्हा दाखल्यावर ‘मतिमंद’ लिहीत, पुढे कोणी ‘गतिमंद’ म्हणू लागले, आता ‘बौद्धिक अक्षमता’ असा शब्द आहे आणि सगळ्यांना मिळून ‘दिव्यांग’. शब्द बदलले त्याबद्दल माझी तक्रार नाही. जिन्यात त्याला बघून पोरे जे ओरडतात ते मात्र अजून तेच आहे.

कायद्याने अशा मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. २०१६ च्या कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे. अठरा पूर्ण झाली की शाळा निरोप देते. आमच्याही शाळेने दिला. नारळ दिला, फोटो काढला, बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्या दिवशी सहा वाजता हा उठला, आंघोळ केली, गणवेश घातला आणि दप्तर घेऊन उंबऱ्यावर बसला. तिसऱ्या दिवशीही तेच. पंधरा दिवस हे चालले. मग दप्तर ठेवून दिले, मग गणवेशही, आणि त्यानंतर तो उठेनासाच झाला. दुपारपर्यंत अंथरुणात, संध्याकाळपर्यंत टीव्हीपुढे. बारा वर्षे खपून जे शिकवले होते, बुटाची नाडी, ताट धुणे, “नमस्कार काकू” म्हणणे, ते सहा महिन्यांत गंजू लागले. लोखंडाला गंज चढायला वेळ लागतो, माणसाला लागत नाही.

भगिनींनो, अठरा वर्षांची मुले नोकरीला लागतात, कॉलेजात जातात, भांडतात, पळूनही जातात. सगळ्यांना पुढे एक वाट असते. ह्यांच्यापुढे मात्र एकदम भिंत येते. म्हणून शाळेतल्या एका अनुभवी बाईंनी मला जे सांगितले ते मी तुम्हाला सांगते: अठराव्या वर्षाची तयारी चौदाव्या वर्षी सुरू करावी. चौदाव्या वर्षानंतर “अ आ ई” आणि बाराखडी घोटून घेण्यात दिवस घालवू नयेत. जे आले ते आले. त्यानंतर शिकवायचे ते जगायला लागणारे.

जगायला काय लागते? पहिली गोष्ट अंगाची. दाढी करणे, नखे काढणे, दार लावून आंघोळ करणे, आतले कपडे रोज बदलणे. आपण आया वीस वर्षांच्या मुलाला लहान बाळासारखे न्हाऊ घालतो आणि त्यात माया मानतो. पण उद्या आपण आजारी पडलो तर त्याला कोणासमोर उघडे व्हावे लागेल, ह्याचा विचार करावा. मुलींच्या बाबतीत तर फार स्पष्ट बोलले पाहिजे. महिन्याची पाळी कशी सांभाळायची, घडी कशी बदलायची, वापरलेली कागदात गुंडाळून कोठे टाकायची, हे कापडाच्या बाहुलीवर दाखवून दाखवून शिकवता येते. आपल्या अंगाला कोणी हात लावायचा आणि कोणी नाही, हेही. ‘काका’, ‘मामा’ म्हटले की सगळे चांगलेच असतात असे मुलीला शिकवू नका. (हा मजकूर छापताना गाळू नये, अशी चिटणीसबाईंना विनंती.)

दुसरी गोष्ट पैशाची. हिशेब येत नाही म्हणून पैसा हातातच द्यायचा नाही, असे करू नये. माझ्या मुलाला बेरीज येत नाही. एक रुपयाचे आणि दोन रुपयांचे नाणे तर मलासुद्धा चष्म्याशिवाय ओळखू येत नाही, तेथे त्याचे काय. पण दहाची नोट कशी दिसते आणि वीसची कशी, हे त्याला रंगावरून कळते. शाळेत त्याला पुठ्ठ्याचे कार्ड करून दिले होते: चहाच्या कपाचे चित्र आणि शेजारी तेवढ्या पैशांची नोट चिकटवलेली, वडापावचे चित्र आणि तेवढ्या नोटा. तो कार्ड काढतो, नोटांवर नोटा ठेवून जुळवतो आणि देतो. भाव वाढला की कार्ड नवे करायचे, एवढाच त्रास. आणि भाव काय, वाढतच असतात.

तिसरी गोष्ट प्रवासाची, आणि ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. कारण घराबाहेर एकटे जाता आले नाही तर बाकी सगळे शिकून उपयोग नाही. त्याला चेंबूरला एका कार्यशाळेत घेतील असे कळले. आपले स्टेशन गुरू तेग बहादूर नगर, माझ्या सासूबाई त्याला अजून कोळीवाडा स्टेशनच म्हणतात. तेथून चुनाभट्टी, कुर्ला, टिळकनगर आणि चौथे चेंबूर. ऐकायला सोपे, पण मध्ये कुर्ला आहे, आणि कुर्ल्याची गर्दी शहाण्या माणसालाही उतरवून टाकते. घरचे म्हणाले, रोज तू सोड आणि तूच आण. मी म्हटले, मी किती वर्षे पुरणार?

तीन महिने लागले. पहिले काही दिवस मी त्याचा हात धरला. मग हात सोडला, पण शेजारी उभी राहिले. मग तो पुढे आणि मी चार पावले मागे. वाट चुकला तरी लगेच बोलायचे नाही, त्याला स्वतः थांबून बघू द्यायचे. ही गोष्ट आईला सर्वांत जड जाते. स्टेशनांची नावे वाचता येत नव्हती, म्हणून त्याने खुणा धरल्या. कोणती दुकाने, कोणता पूल, कोणत्या बाजूला फलाट येतो. आणि बोटे, एक स्टेशन गेले की एक बोट मिटायचे, चौथे मिटले की उतरायचे. मग तो अपंगांच्या डब्यात आणि मी बायकांच्या. त्या डब्यात धडधाकट माणसे किती बसलेली असतात हे तेव्हा समजले. पण ते आता असो. शेवटी तो एकटा चढला आणि मी घरी फोन हातात घेऊन बसले. मधल्या काळात त्याला दोनच गोष्टी घोटून शिकवल्या होत्या: चुकलो तर जेथे आहोत तेथेच उभे राहायचे, आणि पोलीस किंवा तिकीट तपासनीस दिसला तर गळ्यातले कार्ड दाखवायचे. कोणी “चल, मी नेतो” म्हटले तरी जायचे नाही. दोनदा तो पुढच्या स्टेशनावर गेला आणि दोन्ही वेळा उभा राहिला. आता रोज जातो.

कार्यशाळेत तो काय करतो, असे बायका मला विचारतात. डब्यांवर चिठ्ठ्या लावतो आणि वस्तू मोजून पिशवीत भरतो. “मोजून कसा, त्याला तर दहापर्यंत येत नाही!” त्यासाठी लाकडाची पाटी असते, तिला दहा खळगे. प्रत्येक खळग्यात एकेक वस्तू ठेवायची, सगळे खळगे भरले की पाटी पिशवीत उलटी करायची. झाले दहा. मला हे पाहून फार आनंद झाला. आपण माणसाला कामाजोगा करायला बघतो. तेथे काम माणसाजोगे केले होते. घरीही मग मी तेच केले. सासूबाई बाजारात मासळी विकायला बसतात. पहाटे कोळंबी आली की मोठी, मध्यम, बारीक अशी निवडावी लागते. मी तीन टोपल्यांवर एकेक सुकी कोळंबी नमुन्याला बांधून ठेवली. तो हातातली कोळंबी नमुन्याजवळ धरून बघतो आणि टाकतो. सासूबाई आधी नको म्हणत होत्या. आता तो एक दिवस आला नाही तर त्याचे नाव घेऊन हाका मारतात.

कार्यशाळेतून महिन्याला जे मिळते ते गाडीभाड्याला आणि चहाला जेमतेम पुरते, हे खरे आहे. मी कोणाला खोटी आशा दाखवणार नाही. पण त्या दिवशी तो आजीसाठी वडापाव घेऊन येतो, आणि तिचा हिस्सा दिल्यावाचून स्वतःच्याला हात लावत नाही.

आता जरा आपल्या मुंबईबद्दल. ही माहिती मी कार्यशाळेतल्या ताईंकडून आणि वाचनालयातून जमवली आहे. दादरला अंध मुलींची शाळा आहे, ती मिस मिलार्ड नावाच्या मिशनरी बाईंनी १९०० साली काढली. शिवडीची जय वकील शाळा १९४४ ची. वकील दांपत्याने ती आपल्या मुलीच्या निमित्ताने सुरू केली. फातिमा इस्माईल ह्यांच्या मुलीला पोलिओ झाला, त्यातून १९४७ साली अपंग मुलांसाठी काम उभे राहिले आणि पुढे हाजी अलीचे मुलांचे रुग्णालय झाले. मिठू अलूर ह्यांच्या मुलीला मेंदूचा पक्षाघात. त्यांनी १९७२ साली कुलाब्याला स्पॅस्टिक्स सोसायटी काढली. पुण्यातली कामायनी १९६४ ची, तिच्याशी जोडलेले उद्योग केंद्रही आहे. मला ह्यात एक गोष्ट दिसते. वकिलांच्या, फातिमाबाईंच्या आणि अलूरबाईंच्या घरी स्वतःचे मूल होते आणि बाहेर त्याच्यासाठी जागा नव्हती. त्या शिकलेल्या, ओळखीपाळखीच्या, आणि आपल्याकडे त्यातले काही नाही, हे मला कळते. पण मूल आपल्याकडेही आहे.

सरकारनेही ह्या शहरात पुष्कळ आधी हात घातला होता. अपंगांसाठी देशातले पहिले खास नोकरी नोंदणी केंद्र मुंबईतच निघाले, १९५९ साली. आणि १९६८ साली व्यवसाय पुनर्वसन केंद्र निघाले, ते आपल्या अगदी हाकेच्या अंतरावर, शीव-चुनाभट्टीला, एटीआयच्या आवारात. आता त्याचे नाव बदलून राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र झाले आहे. तेथे नाव नोंदवतात, ह्या माणसाला कोणते काम जमेल ते पारखतात आणि काही कामे शिकवतातही. त्याच रस्त्याने आपल्यापैकी कितीतरी जणी येतात-जातात. त्या फाटकाच्या आत काय आहे हे कोणाला ठाऊक होते, हात वर करा. (कोणीही हात वर केला नाही.)

सरकारी नोकरीत १९९५ च्या कायद्याने तीन टक्के जागा राखीव होत्या. २०१६ च्या कायद्याने चार झाल्या. त्यातला एक टक्का अंधांचा, एक बहिऱ्यांचा, एक हातापायाने अपंग असलेल्यांचा, आणि उरलेला एक माझ्या मुलासारख्यांचा, स्वमग्न मुलांचा, मानसिक आजार असलेल्यांचा, अध्ययन अक्षमता असलेल्यांचा आणि एकाहून जास्त अपंगत्वे असलेल्यांचा मिळून. कागदावर आहे, एवढे लक्षात ठेवावे. खरे म्हणजे काळ कामे देतो आणि काळच घेऊन जातो. पूर्वी अंध मुले टेलिफोनच्या बोर्डावर बसत, खुर्च्या विणत. मग अपंगांना रस्त्यावर टेलिफोनचे बूथ मिळाले. घरोघरी मोबाइल आले आणि बूथ ओस पडले. म्हणून एकच कला शिकवून स्वस्थ बसू नये. नवी कामेही निघतात. २००९ साली मुंबईत मिरॅकल कुरियर म्हणून संस्था निघाली, तिने पाकिटे पोचवण्याच्या कामाला बहिरी माणसेच घेतली. जुहूला २०१८ साली अर्पण नावाचा कॅफे सुरू झाला, तेथे बौद्धिक अक्षमता असलेली आणि स्वमग्न तरुण मंडळी स्वयंपाकघरात राबतात आणि गिऱ्हाइकाला वाढतात. ह्याच संस्थेने आधी डब्यांपासून सुरुवात केली होती. डबे! भगिनींनो, डबे करायला आपल्याला कोणी शिकवायला नको.

बहिऱ्या मुलांबद्दल एक सांगते, कारण आपल्याच गल्लीतले उदाहरण आहे. मुलगी शिवणकामात हुशार, दहावी झालेली. पण घरात तिच्याशी कोणी खुणांच्या भाषेत बोलत नाही. “जेव”, “झोप”, “चल” एवढेच. तिला वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत नेले, ती १९८३ पासून ह्याच कामासाठी आहे, तेव्हा तेथल्या मुलांशी ती दोन तास हात हलवून बोलत होती, आणि तिची आई बाकावर बसून बघत होती. मुलीला नोकरी मिळेलही. पण घरी आल्यावर साहेब रागावला की शाबासकी दिली, हे ती सांगणार कोणाला? आईने शिकले पाहिजे.

आता कागदाची गोष्ट, आणि ही सर्वांत महत्त्वाची, कारण आपल्या घरांवर सध्या सगळ्यांचा डोळा आहे. मुलाला अठरा पूर्ण झाली की कायद्याने तो सज्ञान होतो. आईबाप आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. बँकेत हे पहिल्यांदा कळते, आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता अशा चार प्रकारच्या माणसांसाठी पालक नेमून घेता येतो. जिल्हाधिकाऱ्यांची समिती असते, तिच्याकडे अर्ज करायचा. आपल्यासाठी फोर्टातली जुनी कस्टम हाऊसची कचेरी. पालक झाला म्हणजे मालक झाला असे नव्हे. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्या माणसाच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि पुढे दर वर्षी हिशेब. ह्याच न्यासाची निरामय नावाची आरोग्य विम्याची योजनाही आहे, एक लाखापर्यंतची.

हे मी का सांगते? पुनर्विकासाची कागदपत्रे कोळीवाड्यात फिरतात. एका घरात चार भाऊ, त्यातला एक असा. त्याचा अंगठा कोण घेणार आणि त्याच्या हिश्श्याची खोली कोणाच्या नावावर लागणार? आज आपण जिवंत आहोत म्हणून सगळे गोड बोलतात. नवऱ्याला सरकारी नोकरी असेल तर कमावू न शकणाऱ्या अपंग मुलाला आईबापांच्या मागे कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी त्याचे नाव आधीच कचेरीत नोंदवून ठेवावे. आणि दाखल्यावर मुदत असेल तर ती तारीख देवघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

एक कडू गोष्टही बोलते. “लग्न करून द्या, आपोआप शहाणा होईल” हा सल्ला मला आजवर किती जणींनी दिला त्याची गणती नाही. त्यातल्या काही येथे बसल्या आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही. लग्न हे औषध नाही. जी परक्याची लेक आपण फसवून आणू तिचे काय? आणि मुलगी अशी असेल तर, तिला कसल्याही घरात ढकलून आपण सुटलो असे मानायचे का? दोघांना समजते, दोघांची इच्छा आहे, सर्व खरे सांगितले आहे, तर गोष्ट निराळी. पण सध्या आपल्याच वस्तीत अशा एका मुलीची बोलणी चालू आहेत आणि मुलाकडच्यांना काही सांगितलेले नाही, असे कानावर आहे. नाव मी घेणार नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी आजच त्या घरी जाऊन बसावे. मी येते बरोबर.

कोल्हापूरच्या नसीमाताई हुरजूक ह्यांचे आत्मचरित्र ‘चाकाची खुर्ची’ आपल्या वाचनालयात घ्यावे अशी माझी सूचना आहे. ऐन तरुणपणी कमरेखालचे अंग लुळे पडले; नोकरी केली, आणि १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. त्यांच्या संस्थेने सिंधुदुर्गात काजूचा कारखानाही काढला.

आता मंडळाकडे माझे मागणे. दिवाळीला आपण चकलीची भाजणी आणि चिवडा विकतो. भाजणी भाजणे हे जाणत्या हाताचे काम, ते आपण करू. पण पिशव्या भरणे, तोलणे, चिठ्ठी लावणे? तराजूच्या एका पारड्यात अर्ध्या किलोची भरलेली पिशवी ठेवली की दुसरी बरोबर होईपर्यंत चमच्याने घालायची; आकडा वाचायला नको. दोन मुली आणि एक मुलगा मी आजच सांगू शकते. त्यांना मजुरी द्यायची, खाऊ नव्हे. बाकीच्यांना देतो त्याच दराने, आणि वहीत सही किंवा अंगठा घेऊन. काम कमी झाले तर पैसे कमी, पण दर तोच. सुरुवातीला आपल्या एका बाईने शेजारी बसावे लागेल, मी बसेन.

आणि दुपारी दोन ते चार मंडळाची खोली रिकामी असते. पत्ते खेळणाऱ्या बायकांची मी माफी मागते, पण मंगळवार-गुरुवार ती खोली अशा घरातल्या आयांना द्यावी. आमच्या गल्ल्यांत अशी मुले मोजायला गेले तर माझ्या दोन्ही हातांची बोटे पुरली नाहीत, आणि त्यातली निम्मी मी ह्यापूर्वी कधी पाहिलीच नव्हती. आतल्या खोलीत होती.

चुनाभट्टीच्या केंद्रात येत्या गुरुवारी सकाळी मी जाणार आहे. दाखला, आधार कार्ड, शाळेचे कागद आणि दोन फोटो घेऊन ज्यांना यायचे असेल त्यांनी साडेनऊला स्टेशनाच्या तिकीट खिडकीजवळ यावे. मुलाला बरोबर आणावे, त्याला घरी ठेवून येऊ नये. नावे चिटणीसबाईंकडे द्या. आता मुलींची गाणी आहेत, त्यांचा वेळ मी घेतला.